सव्वाआठ लाख एकर, एक घराणं आणि दर काही वर्षांनी येणारा दुष्काळ

प्रश्न असा आहे की टेक्सासच्या किंग रँचसारखी एवढी अवाढव्य जमीन पावणेदोनशे वर्षं एकाच घराण्याकडे राहिली कशी, तिथं रोज नेमकं काय काम चालतं, आणि पिकअप, हेलिकॉप्टरच्या जमान्यात घोडे खरंच लागतात की फोटोपुरतेच ठेवलेत. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी माझं सांगतो. मी जनावरांचा डॉक्टर, साउथ टेक्सासमध्ये २० वर्षांच्या वर गुरं आणि घोडे यांचीच प्रॅक्टिस करतोय. किंग रँचच्या पगारावर कधीच नव्हतो. माझे क्लायंट त्याच मेस्किटच्या, म्हणजे काटेरी झाडीच्या, पट्ट्यातले लहान फॅमिली रँचवाले, लहान म्हणजे १५-२० हजार एकर, इकडे त्याला लहानच म्हणतात. पण या भागात कुठल्याही कुंपणाजवळ दोन रँचर उभे राहिले की तिसऱ्या वाक्याला किंग रँच येतेच, इतकं तिचं ओझं इथल्या डोक्यांवर आहे.

लोक हा इतिहास गुरांचा, घोड्यांचा, तेलाचा म्हणून सांगतात. मला तो दुष्काळांचा इतिहास वाटतो. तिथल्या प्रत्येक मोठ्या निर्णयामागे कोरडं वर्ष सापडतं, आणि रोजचं काम म्हणाल तर ते पुढच्या कोरड्या वर्षाची तयारीच असते.

थोडे आकडे घ्या म्हणजे अंदाज येईल. ८,२५,००० एकर, म्हणजे ३,३०० चौरस किलोमीटरच्या वर, र्‍होड आयलंड नावाच्या आख्ख्या राज्यापेक्षा जास्त. सलग एक तुकडा नाही बरं का, सांता गर्त्रुदिस, लॉरेलेस, एन्सिनो आणि नोरियास असे चार विभाग आहेत. त्यावर साधारण ३५ हजार गुरं आणि २०० च्या वर क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे. साधा भागाकार केला तर एका जनावरामागे २३-२४ एकर. ऐकणाऱ्याला वाटतं केवढी उधळपट्टी, पण इथं पाऊस सरासरीत बरा दिसतो, वर्षाला साडेसहाशे मिलीमीटरच्या आसपास, तो पडतो मात्र लहरीप्रमाणे, एका वादळात निम्मा आणि मग पाच महिने ढग नाही. सरासरीवर गुरं ठेवणारा माणूस इथं दर सात-आठ वर्षांनी बुडतो.

आता सुरुवात. रिचर्ड किंग, जन्म १८२४, न्यूयॉर्कमधल्या गरीब आयरिश स्थलांतरितांचा मुलगा, लहानपणी जहाजात लपून पळाला आणि पुढे रिओ ग्रांदे नदीवर स्टीमबोटचा कॅप्टन झाला. गुरांतलं त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. १८५३ मध्ये त्याने रिंकोन दे सांता गर्त्रुदिस नावाची १५,५०० एकरांची जुनी स्पॅनिश-मेक्सिकन सनद ३०० डॉलरला घेतली, एकराला दोन सेंटही पडले नाहीत. का घेतली? तर त्या सगळ्या रखरखीत पट्ट्यात सांता गर्त्रुदिस ओढ्याला पाणी होतं म्हणून. जमीन नाही घेतली हो त्याने, पाणवठा घेतला.

पुढच्याच वर्षी मेक्सिकोत तामाउलिपासमध्ये दुष्काळ. किंग क्रुइयास नावाच्या गावात गुरं घ्यायला गेला आणि गावाने जवळजवळ सगळी विकून टाकली, करणार काय, चारा नाही. परत निघाल्यावर त्याच्या डोक्यात आलं की गुरं तर घेतली, पण ती सांभाळायची अक्कल गावातच राहिली. मागे फिरला आणि सगळ्या गावालाच म्हणाला चला माझ्याबरोबर, काम देतो, घर देतो. बरीच कुटुंबं बैलगाड्यांत संसार घालून निघाली. हे पुढे किनेन्योस झाले, म्हणजे किंगची माणसं, आणि त्यांच्या पाच-सहा पिढ्या रँचवर राबल्या. बापाकडून मुलाकडे खोगीर गेलं, कुठल्या कोपऱ्यात कुठली गाय लपते ही माहिती गेली. मालकांचं घराणं टिकलं हे सगळे सांगतात, पण या वाकेरोंची, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणाऱ्यांची, घराणी टिकली नसती तर मालक दहा वर्षांत स्टीमबोटवर परत गेला असता असं माझं स्पष्ट मत आहे. दोरी टाकणं, खोगिराचा घाट, घोडा फिरवायची पद्धत, ज्याला जग अमेरिकन काउबॉय म्हणतं त्यातलं निम्मं या लोकांचं आहे.

आणि सगळं गोडगोड नाही. इथल्या जुन्या मेक्सिकन कुटुंबांच्या जमिनी कोर्टकचेरी, कर्ज, दहशत, सगळ्या मार्गांनी हातून गेल्या, किंगनेही पडेल भावात सनदी उचलल्या. सिव्हिल वॉरमध्ये दक्षिणेचा कापूस मेक्सिकोमार्गे बाहेर काढून त्याने आणि मिफ्लिन केनेडी या भागीदाराने बक्कळ पैसा केला आणि तोही जमिनीत घातला. टेक्सास रेंजर्सना, म्हणजे राज्याच्या सशस्त्र पोलिसांना, इथली मेक्सिकन माणसं रिंचेस म्हणायची, आणि चिडली की रिंचेस दे ला किनेन्या, म्हणजे किंगच्या घरचे शिपाई. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

किंग १८८५ मध्ये गेला तेव्हा जमीन सहा लाख एकरांच्या पुढे आणि डोक्यावर पाच लाख डॉलर कर्ज. इथं बहुतेक घराण्यांची गोष्ट संपते. बायको हेनरिएटा हिच्या नावावर सगळं आलं आणि तिने १९२५ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, तुकडा पडू दिला नाही. जावई रॉबर्ट क्लेबर्ग वकील होता, तो मॅनेजर झाला. १८९० च्या दशकात असा दुष्काळ पडला की पाणवठे आटले, गुरं कुंपणालगत मरून पडायची. क्लेबर्गने ड्रिलिंगचं मोठं यंत्र आणून १८९९ मध्ये आर्टेशियन विहीर लावली, जमिनीतून पाणी आपल्या दाबाने वर आलं. ते बघून तो रडला म्हणतात. मी ती गोष्ट खरी मानतो, कारण २०११ मध्ये नुसती पवनचक्कीची मोटर सुरू झाली म्हणून रडणारा साठीचा माणूस मी बघितलाय. त्या पाण्याच्या जोरावर पुढे रेल्वे आली आणि १९०४ मध्ये किंग्सव्हिल गाव वसलं, रँचच्याच जमिनीवर.

आता माझा आवडीचा भाग, गोचीड. इकडची लाँगहॉर्न गुरं हाकत उत्तरेला कॅन्ससला न्यायचे तेव्हा वाटेतली लोकांची गुरं पटापट मरायची, आणि लाँगहॉर्न मात्र ठणठणीत. लोक बंदुका घेऊन अडवायचे. स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दाखवून दिलं की हा गोचीडताप आहे, गोचीड रोग नेते. किड्यामार्फत रोग पसरतो हे सिद्ध होण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे, मलेरियाच्या डासाच्याही आधीचं. क्लेबर्गने गुरं बुडवून काढायचे डिपिंग हौद बांधले, ते देशातल्या सुरुवातीच्या हौदांपैकी. १९०६ पासून सरकारी मोहीम चालली आणि १९४३ पर्यंत मेक्सिको सीमेवरचा एक पट्टा सोडून देश गोचीडमुक्त झाला. तो पट्टा अजून आहे, तिथं घोड्यावरचे सरकारी टिक रायडर नदीकाठ पिंजत फिरतात.

यातूनच जात तयार झाली. लाँगहॉर्नला गोचीड झेपायची पण अंगावर मांस नाही. इंग्लंडची शॉर्टहॉर्न, हेरफोर्ड आणली तर मांस झकास, पण उन्हात जीभ बाहेर, डोळे आलेले, गोचिडीने हैराण. मग नजर गेली ब्राह्मन गुरांकडे. ती अमेरिकेत तयार झाली भारतातल्या कांकरेज, ओंगोल, गीर आणि कृष्णा व्हॅली या रक्तातून. हो, कृष्णाकाठचीच. वशिंड, लोंबती कातडी, घाम गाळणारं अंग, शेपटीने आणि कातडी थरथरवून किडे झटकायची सवय. १९१८ मध्ये रँचने अशा रक्ताचे ५२ वळू घेऊन शॉर्टहॉर्न गाईंवर सोडले. १९२० मध्ये एक लालबुंद गोऱ्हा झाला, खोडकर म्हणून नाव पडलं मंकी. पुढचा सगळा कळप त्याच्या पोरीनातींवर उभा राहिला, पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न, तीन अष्टमांश ब्राह्मन, आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सांता गर्त्रुदिस ही स्वतंत्र जात मानली. अमेरिकेत तयार झालेली मांसाच्या गुरांची पहिली जात. सख्ख्यात संकर म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण तो करायचा तर असा करावा लागतो, हजारो गाई आणि दरवर्षी निर्दयपणे छाटणी. माझ्या क्लायंटने ४० गाईंवर हा प्रयोग केला, तिसऱ्या पिढीला वासरं लहान आणि गाभण राहण्याची बोंब. मीच त्याला होय म्हणालो होतो ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट.

पुढे ग्राहकाला मऊ, चरबीची जाळी असलेलं मांस हवं झालं तेव्हा रँचनेच सांता गर्त्रुदिसमध्ये रेड अँगस आणि गेल्बफी मिसळून सांता क्रूझ काढली. आपणच काढलेल्या जातीच्या प्रेमात न अडकणं हे मला या मंडळींचं सगळ्यात मोठं कौशल्य वाटतं.

घोड्यांचंही तेच तंत्र. १९१५ च्या ओल्ड सॉरेल नावाच्या शिंगरावर सगळा डाव लावला, त्याचे मुलगे त्याच्याच दुसऱ्या घोडींपासूनच्या मुलींना लावले. त्यातून १९३७ मध्ये विम्पी झाला, त्याचे आई आणि बाप दोघंही ओल्ड सॉरेलची पोरं. १९४१ मध्ये फोर्ट वर्थच्या शोमध्ये तो ग्रँड चॅम्पियन ठरला आणि म्हणून अमेरिकन क्वार्टर हॉर्सच्या नोंदवहीत पहिला नंबर त्याचा, पी-१. पाव मैल सुसाट पळतो म्हणून क्वार्टर हॉर्स, पण रँचला पळण्यापेक्षा त्याचं डोकं हवं असतं. कळपातून एकच गाय बाजूला काढायची असते तेव्हा चांगला घोडा लगामाची वाट बघत नाही, गायीचे कान बघतो आणि ती वळायच्या आधी हा वळलेला असतो, वर बसलेल्याने फक्त पडायचं नाही. याला कटिंग म्हणतात. त्यात मिस्टर सॅन पेपी आणि त्याचा मुलगा पेपी सॅन बॅजर यांनी १९७० च्या दशकात रँचचं नाव गाजवलं, बॅजरने १९७७ ची फ्युचुरिटी ही कटिंगची मोठी स्पर्धा जिंकली आणि त्याचं रक्त आज निम्म्या कटिंग घोड्यांत सापडेल.

रेसचे घोडेही ठेवले होते, आणि असॉल्टचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहानपणी त्याच्या पुढच्या उजव्या पायात सर्व्हेची खुंटी घुसली, खूर कायमचा वाकडा. चालताना बघून कोणी शंभर डॉलर दिले नसते. १९४६ मध्ये त्याने ट्रिपल क्राउन, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती, जिंकला, टेक्सासमध्ये जन्मलेला एकमेव घोडा. मग वंश चालवायला ठेवला तर जवळजवळ वांझ निघाला. घोड्याच्या धंद्यात एवढंच शिकायला मिळतं की एका बाजूने देव देतो तेव्हा दुसरा खिसा तपासून घ्यावा.

तर घोडे अजून लागतात का? लागतात. आमच्याकडची झाडी म्हणजे मेस्किट, वेड्या बाभळीची सख्खी बहीण, त्यात हुइसाचे, आणि खाली फड्या निवडुंग. हेलिकॉप्टर वरून गुरं झाडीतून हुसकतं, मोठ्या पॅश्चरमध्ये, म्हणजे कुंपणातल्या कुरणात, ते दोन तासांत दहा माणसांचं दिवसाचं काम करतं, पण शेवटचे पाचशे मीटर, जिथं कळप फाटकात घालायचा असतो, तिथं घोडाच. मोटरसायकलने आणलेली गुरं पेनमध्ये, म्हणजे कोंडवाड्यात, येईपर्यंत डोळे पांढरे करून असतात, मग माझ्या चुटमध्ये, म्हणजे तपासणीच्या चिंचोळ्या गल्लीत, एकमेकांवर चढतात, जखमा होतात, इंजेक्शन चुकतं, आणि घाबरलेलं जनावर दिवसभरात वजन उतरवतं ते वेगळंच. प्रत्येक वाकेरोला एक घोडा नसतो, पाच-सहा असतात, आलटून पालटून. पहाटे अंधारात सगळे घोडे, त्याला रेमुदा म्हणतात, दोरीच्या रिंगणात आणायचे आणि म्होरक्या, म्हणजे कापोराल, नावं घेईल तसा घोडा पकडायचा. घोड्यांसाठी माझं काम बहुधा साधंच: दरवर्षी रक्ताची कॉगिन्स तपासणी (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रक्तरोगासाठी), धनुर्वात, वेस्ट नाईल, रेबीजच्या लसी, दात घासणं, आणि काट्यांनी सुजलेले सांधे. मेस्किटचा काटा सांध्यात मोडला की पंधरा दिवसांनी बोलावणं येतंच.

गुरांचं वर्ष कसं फिरतं ते सांगतो. एप्रिलमध्ये वळू सोडायचे, २५ गाईंमागे एक, आणि सोडण्याच्या महिनाभर आधी प्रत्येक वळूचं वीर्य, वृषण, पाय, डोळे तपासायचे. लंगडा वळू कितीही उच्च रक्ताचा असला तरी झाडीत गाईच्या मागे जात नाही. ६० ते ९० दिवसांनी वळू बाहेर. नऊ-सव्वानऊ महिने पोटात म्हणजे वासरं जानेवारी ते मार्च-एप्रिल, उन्हाळ्याच्या आत चालायला लागतात आणि वसंतातल्या गवतावर आईला दूध येतं. गाय विताना अंगाने कशी हवी तर १ ते ९ च्या मापात ५, म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हाताला लागतात. ३ वर असेल तर वितेल पण पुढच्या एप्रिलला माजावर येणार नाही.

वासरं दोन-तीन महिन्यांची झाली की गोळा करायची, डाग द्यायचा, गोऱ्हे खच्ची करायचे, फऱ्या आणि तत्सम रोगांची लस, कानात टॅग. किंग रँचचा डाग म्हणजे रनिंग डब्ल्यू, वळणावळणाचा, १८६९ मध्ये नोंदवलेला. कोणी म्हणतं साप, कोणी म्हणतं ओढा. त्याची खरी कमाल लोहाराला विचारा, कुठेही तीक्ष्ण कोपरा नाही म्हणून लोखंड एका जागी जास्त तापून कातडी फाटत नाही, जखम लवकर भरते. पूर्वी या कामाची भीती वेगळी होती, स्क्रूवर्म नावाची माशी ताज्या जखमेत अंडी घालायची आणि आळ्या जिवंत मांस खायच्या, नाळ ओली असलेलं वासरूसुद्धा सुटायचं नाही. निप्लिंग आणि बुशलँड या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत नर माश्या वांझ करून लाखोंनी सोडायची युक्ती काढली आणि तो किडा देशाबाहेर घालवला. २०२४ च्या शेवटी तो मेक्सिकोच्या दक्षिणेत परत सापडला तेव्हापासून माझे जुने क्लायंट, ज्यांनी लहानपणी रोज घोड्यावर बसून जखमा शोधल्यात, ते एकदम गप्प झालेत.

शरदात वासरं आईपासून तोडायची, सातएक महिन्यांची, सव्वादोनशे ते अडीचशे किलो. त्याच वेळी माझा खांद्यापर्यंतचा हात, गाई गाभण आहेत का बघायला. दिवसाला ३०० गाई हाताने तपासल्या की रात्री चमचा धरता येत नाही. आता अल्ट्रासाउंड आहे पण मला अजून बोटांचाच विश्वास. भाकड निघाली की ट्रकमध्ये. हे ऐकून लोकांना कसंतरी होतं, पण ती एक गाय वर्षभर पुढच्या गाभण गाईचं गवत खाणार असते. रँच गवत विकते, गाय हे फक्त ते गोळा करायचं यंत्र आहे, हे ज्याला पटत नाही त्याने रँच घेऊ नये.

मिनरलही विसरू नका. इथल्या मातीत फॉस्फरस कमी, पूर्वी गाई हाडं चघळत फिरायच्या, लंगडायच्या, वर्षाआड वासरू द्यायच्या. किंग रँचवरच कृषी खात्याने प्रयोग करून दाखवलं की फॉस्फरस दिला की वासरांचं प्रमाण आणि वजन दोन्ही वाढतं. आज कुठल्याही पॅश्चरच्या कोपऱ्यात मिनरलचा डबा दिसतो तो त्याचा वारसा. हिवाळ्यात प्रोटीनच्या कांड्या टाकायच्या, पिकअपवर सायरन लावायचा, सायरन वाजला की गुरं दोन किलोमीटरवरून पळत येतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोलीस आले.

आता दुष्काळात काय करतात. १९५० च्या दशकातला सात वर्षांचा दुष्काळ जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे, आणि फड्या निवडुंगाचे काटे गॅस-बर्नरने जाळून गुरांना खाऊ घालायची सवय सगळ्यांना आहे, पाणी भरपूर, ऊर्जा बऱ्यापैकी, प्रोटीन जवळपास नाहीच, म्हणून बरोबर सरकी पेंड लागतेच. पण निवडुंग जाळायला लागलात म्हणजे तुम्ही आधीच उशीर केलाय. २०११ मध्ये टेक्सासने नोंदींमधलं सगळ्यात कोरडं वर्ष बघितलं. माझ्या एका क्लायंटला, दोन भाऊ आणि एक चुलतभाऊ असा सामायिक कारभार, मी एप्रिलमध्ये म्हणालो तिसरा हिस्सा गाई आत्ता विका. धाकटा तयार होता. थोरला म्हणाला वडिलांनी २० वर्षं घालवून हा कळप बांधलाय, जूनमध्ये पडेल. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये सगळं राज्यच गुरं विकायला निघालं होतं, भाव गडगडलेला, आणि गाई ३ वर आलेल्या. पुढच्या वर्षी हात घातला तर निम्म्याच गाभण. तिथल्या म्हाताऱ्या कापोरालने त्यांना मार्चमध्येच सांगितलं होतं, गवताच्या खुंटाची उंची बोटाने दाखवून. त्याचं कोणी ऐकलं नाही, माझं तरी काय ऐकणार. मोठ्या रँचचा फायदा इथं कळतो, तारखा आधीच ठरलेल्या असतात, अमुक तारखेपर्यंत एवढा पाऊस नाही तर अमुक गट विकायचा, भावनेला मधे शिरायला जागा नाही.

पैशाचं. नुसत्या गुरांवर एवढी जमीन कोणी टिकवलेली नाही, किंग रँचनेही नाही. १९३३ मध्ये मंदीच्या ऐन भरात त्यांनी तेल-गॅससाठी हंबल ऑइलशी करार केला आणि घराण्याची कर्जं त्यातून निभावली. आज ऊस, कापूस, फ्लोरिडातली संत्री, हरळीचे गालिचे, चामड्याचं दुकान, इतकंच काय २००१ पासून फोर्डच्या पिकअपवर रँचचं नाव. आणि शिकार. साउथ टेक्सासमध्ये बऱ्याच रँचना एकरी उत्पन्न गुरांपेक्षा हरणाच्या शिकारीच्या भाड्यातून जास्त मिळतं, माझे निम्मे क्लायंट त्यावरच तग धरून आहेत. त्यात गंमत म्हणजे नीलगाय. १९२० आणि ३० च्या दशकांत किंग रँचने नोरियासवर नीलगाई सोडल्या, प्राणिसंग्रहालयातून आणून, आता त्या किनारी पट्ट्यात हजारोंनी आहेत आणि शिकारी त्यासाठी चांगले पैसे मोजतात. पण तीच नीलगाय आता गोचीड घेऊन कुंपणांखालून फिरते. हरणांना औषध लावलेला मका खायला घालता येतो, नीलगाय मक्याकडे ढुंकून बघत नाही. गोचीडही भारी चिवट, सगळं आयुष्य एकाच जनावरावर काढते, पण तिची पिल्लं गवतावर कित्येक महिने उपाशी वाट बघत बसतात. म्हणून एका रँचवर सापडली की नऊ-नऊ महिने क्वारंटाइन. भारतातून नेलेल्या रक्ताने गोचिडीवर मात केली आणि भारतातूनच गेलेल्या जनावराने ती परत आणली.

शेवटचं, वाटण्या. हेनरिएटाने मृत्युपत्रात दहा वर्षं इस्टेट विश्वस्तांकडे ठेवली आणि १९३० च्या दशकात तिची कॉर्पोरेशन झाली. म्हणजे नातवंडांना जमीन मिळत नाही, शेअर मिळतात. ज्याला बाहेर पडायचं त्याने शेअर घरातच विकायचे, कुंपण घालून आपला तुकडा मागायचा नाही. १९७० च्या दशकात काही शाखा अशाच बाहेर पडल्या, घरात कडवटपणाही झाला. १९९८ मध्ये रँचवर राहून कारभार बघणारा घरातला शेवटचा माणूस, स्टीफन क्लेबर्ग, बाजूला झाला आणि तेव्हापासून ह्यूस्टनमधून व्यावसायिक मॅनेजर चालवतात. काहींना ते विकल्यासारखं वाटतं. मी दोन भावांच्या भांडणात १८ हजार एकराचे सहा तुकडे होताना बघितलेत, पाण्याची टाकी एकाच्या वाट्याला आणि चांगलं गवत दुसऱ्याच्या, दोघंही पाच वर्षांत विकून मोकळे, त्यामुळे मला शेअरच बरे वाटतात.

आणि ज्यांना हे शिकायचंय, खास करून आपल्याकडून व्हेटर्नरी किंवा ॲग्री करून आलेल्यांना, त्यांच्यासाठी: किंग्सव्हिलला टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २००३ पासून किंग रँच इन्स्टिट्यूट फॉर रँच मॅनेजमेंट आहे, तिथं मास्टर्स करता येतं, अर्थशास्त्र, गवत, गुरं, वन्यजीव सगळं एकत्र. ॲडमिशनच्या आधी दोन महिने कुठल्याही लहान रँचवर कुंपण दुरुस्तीचं काम करा. तारेचे हातमोजे आणि जाड बूट स्वतःचे आणा, उसने कोणी देत नाही.